विंचवाचं प्रतीक करू नका

मागच्या अंकातली विंचवावरची कविता वाचली. कवी आपलाच आहे, त्याचा रागही खरा आहे, म्हणून नाव घेत नाही. कवितेत व्यवस्थेचा विंचू झालाय, नांगीची मनुस्मृती झालीय, विषाची जात झालीय, आणि शेवटाला आपण सगळे मिळून ती नांगी ठेचतो. वाचनाच्या बैठकीत टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मग घरी गेलो आणि रात्रभर झोप लागली नाही.

कारण मला विंचू माहीत आहे. तो व्यवस्था नसतो. तो तांबूस असतो, बोटाएवढा असतो, आणि सरपणाच्या ढिगात बसलेला असतो.

दोस्तहो, विंचवाचं प्रतीक करण्याचा धंदा आपण सुरू केलेला नाही. तो एकनाथांनी केला. त्यांचं विंचवाचं भारूड सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. त्यात विंचू म्हणजे काम आणि क्रोध, आणि त्यावर उतारा सत्त्वगुणाचा. रंगमंचावर नट नाचतो, विव्हळतो, ढोलकी वाजते, पहिल्या रांगेतले पोट धरून हसतात. त्या रांगेत बसणाऱ्यांच्या घरात फरशी असते. फरशीच्या घरात विंचवाला राहायला फट नसते, म्हणून त्यांना तो काम-क्रोध म्हणून परवडतो. त्यांचं मी समजू शकतो. पण तुम्ही? ज्याची माय अजून गवऱ्याच्या हुडव्यात हात घालते, त्यानं पण विंचवाचं प्रतीकच करायचं?

मी माझ्या मायचं सांगतो.

1978 साली नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडाभर आपली घरं पेटली. आमचंही पेटलं. त्या जागी बापानं जे उभं केलं त्याला घर म्हणायचं म्हणून म्हणायचं. दगडावर दगड, मधल्या फटीत चिखल, तोही एका पावसात वाहून गेलेला. वर पऱ्हाट्या आणि पाचट. फटीत विंचू राहायचे आणि फटींच्या मधी आम्ही.

1981 चा मे महिना. मी नऊ वर्षांचा. माय सात महिन्यांची पोटुशी होती. सांजच्याला चुलीला सरपण काढताना तिनं ढिगात हात घातला. "डसलं रं काहीतरी," एवढंच म्हणाली. बापानं दगड उचलून विंचू ठेचला. पहिल्यांदा बोट ठणकलं. मग ठणका कमी झाला. शेजारच्या बाया म्हणाल्या, उतरलं बरं का. पण तासाभरात माय ओकायला लागली. त्यावर म्हणाल्या, पोटुशी बाई हाय, ओकणारच. मग घाम सुटला. मे महिन्यातला घाम आम्हाला काय नवा? पण हा लुगडं पिळून काढावं असा घाम होता आणि तिचे हातपाय रांजणासारखे गार पडले होते.

बाप गावातल्या मांत्रिकाकडं धावला. तो ओट्यावरून खाली उतरला नाही. महारवाड्यात यायचं नाही, शिवायचं नाही. लांबूनच त्यानं लिंबाचा डहाळा हलवला, बापाच्या दिशेनं फुंकर मारली आणि सांगितलं, जा, तिकडं उतरलं. आम्हाला बौद्ध होऊन तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा बापाला पाठ होत्या. तरी तो त्या ओट्यापुढं हात जोडून उभा राहिला. त्याला मी आज दोष देत नाही. त्याच्यापुढं दुसरा ओटाच नव्हता.

रात्री मायला धाप लागली. आडवं पडवेना. भिंतीला टेकून बसायची आणि दर श्वासाला छाती वर-खाली. पोट दगडासारखं घट्ट व्हायचं, सुटायचं, पुन्हा घट्ट व्हायचं. दिवस उगवल्यावर बैलगाडी मिळाली. दवाखान्यात सलाईन लावलं, एक सुई टोचली. माय वाचली. पोर दुसऱ्या दिवशी मेलेलं जन्मलं. बहीण होती. तिला नाव नाही.

ती विंचवामुळंच गेली का? एका पोराबाबत हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. सातव्या महिन्यात पोरं दुसऱ्या कारणांनीही जातात, आणि माय तर अर्धपोटीच होती. पण त्या रात्री तिच्या अंगात काय चाललं होतं ते आज मला ओळीनं सांगता येतं. तुम्हालाही सांगता आलं पाहिजे. म्हणून जरा कान द्या, कंटाळा करू नका.

तांबड्या विंचवाच्या विषात लहान लहान प्रथिनं असतात. ती मज्जातंतूंवरच्या सोडियमच्या दारांना जाऊन चिकटतात. ही दारं क्षणभर उघडून मिटायची असतात. विष ती नीट मिटू देत नाही. मग मज्जातंतू थांबायचं नाव घेत नाहीत, एकामागून एक संदेश सोडत राहतात, आणि शरीरातली ॲड्रेनॅलिन-नॉरॲड्रेनॅलिनची कोठारं एकदम रिकामी होतात. म्हणजे माणसाला जेरीला आणतं ते बरंचसं त्याच्या स्वतःच्याच अंगातलं रसायन. (इथं मलाही एक प्रतीक सुचतंय. आवरतो.) सुरुवातीला ओकाऱ्या, घाम, तोंडाला लाळ. मग रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार. रक्तदाब चढतो, काळजाचे ठोके पळतात. आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं, फुप्फुसात पाणी साचतं, धाप लागते, पुढं पुढं तर तोंडाला गुलाबी फेस येतो. त्यानंतर रक्तदाब कोसळतो. हे सगळं काही तासांत.

आता हेच पोटुशी बाईच्या अंगात बघा. गरोदरपणात अंगातलं रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं. हृदय आधीच जादा पाळी करत असतं. त्यात आपल्या बायांच्या अंगात रक्ताला लाली नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायांना रक्तक्षय निघाला. अशा थकलेल्या हृदयावर विषाचा हा मारा होतो. गर्भाशयाकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्याही आवळणाऱ्यांतल्याच. त्या आवळल्या की वारेतून पोराला जाणारं रक्त कमी, म्हणजे प्राणवायू कमी. आणि गर्भाशय म्हणजे तरी काय, स्नायूची पिशवी. त्याच रसायनांनी ती आकसते. दिवस भरायच्या आत कळा सुरू होतात. मायचं पोट रात्रभर घट्ट होऊन सुटत होतं ते हेच असणार. उंदरांवरच्या प्रयोगांत विंचवाच्या विषानं गर्भाशय आकसताना दिसलेलं आहे, पिलं कमी वजनाची झालेली आहेत. माणसांत गर्भपात, अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं, पोटातच पोर दगावणं, असं डॉक्टरांनी लिहून ठेवलंय. आणि हेही लिहून ठेवलंय की वेळेवर इलाज झालेल्या कितीतरी बायांना पुढं ठणठणीत पोरं झाली. ही दुसरी गोष्ट जास्त मोठ्यानं सांगायची. पोटुशीला विंचू चावला म्हणजे पोर गेलंच, असं नाही. आई सावरली तर पोराच्या वाचण्याची आशा असते.

पण आई सावरायची तर तिला काय झालंय हे कुणीतरी ओळखलं पाहिजे. आणि इथंच पोटुशी बाई दुहेरी मरते. ओकते, तर म्हणतात पोटुशी आहे. कळा येतात, तर म्हणतात बाळंतपण जवळ आलं. रक्तदाब चढलेला, तर म्हणतात गरोदरपणातलाच आहे. तिच्या दुखण्याला तिचं पोट हेच उत्तर. मी एका आरोग्य केंद्रातली विंचूदंशाची वही चाळली आहे. नाव, वय, स्त्री की पुरुष, गाव, सगळं होतं. पोटुशी होती का, हा रकाना नव्हता. रकानाच नाही, तर किती पोरं गेली ते कोण मोजणार?

मांत्रिकाचं दुकान चालतं कसं, हेही समजून घ्या. नुसत्या शिव्या देऊन ते बंद होत नाही. विंचू चावलेल्या पुष्कळ माणसांना नुसता ठणका लागतो, विष अंगभर भिनत नाही, आणि काही तासांत ठणका आपोआप उतरतो. त्यात काळा मोठा विंचू, ज्याला आपण इंगळी म्हणतो, तो दिसायला भयंकर पण बहुतेक वेळा जीव घेणारा नाही. मग मंत्र मारला आणि उतरलं, असं शंभरदा लोकांच्या डोळ्यांदेखत घडतं. लोक खोटं बोलत नाहीत, त्यांनी पाहिलेलं असतं. मेख अशी की ज्याच्या अंगात विष खरंच भिनलं, त्याला जागेवर ठणका पुष्कळदा कमीच असतो. ठणका नाही म्हणून बाया म्हणतात उतरलं, आणि आतमध्ये हृदय बुडत असतं. म्हणून बोटाकडं बघू नका. ओकारी, घाम आणि गार हातपाय बघा. ही तिन्ही आली की अंगारा नको, चिरा नको, दोरी आवळून बांधणं नको. गाडी काढा.

नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला खून झाला, आणि जो कायदा अठरा वर्षं लटकला होता तो त्याच वर्षी झाला. त्याच्या अनुसूचीत स्वच्छ लिहिलंय: कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखणं आणि त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा. विंचवाचं नाव कायद्यात आहे! आपल्यातल्या किती कार्यकर्त्यांनी ते वाचलंय? जादूटोणाविरोधी कायदा म्हटलं की आपल्याला नरबळी आठवतो, कारण त्याच्या बातम्या होतात. पण कायद्यालाही उलटा प्रश्न विचारायला पाहिजे. रोखायचं नाही म्हणता, बरोबर. पण ज्या उपचारापासून रोखायचं नाही, तो उपचार आहे कुठं?

आता महाडचं बोलू.

दर 20 मार्चला आपण महाडला जातो. 1927 साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, त्याच वर्षी 25 डिसेंबरला तिथंच मनुस्मृती जाळली. आपण तळ्यावर जातो, घोषणा देतो, पुस्तकांच्या दुकानांतून हिंडतो, फोटो काढतो, गाडीत बसतो. मी वीस वर्षं असाच जात होतो. त्याच तालुक्यात, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, 1976 पासून हिंमतराव बावस्कर नावाचा एक तरुण डॉक्टर विंचू चावलेल्या माणसांच्या खाटेशेजारी रात्र रात्र बसून होता, हे मला माहीत नव्हतं. कोकणात हा तांबडा विंचू फार. माणसं चांगली बोलत बोलत यायची आणि फुप्फुसात पाणी होऊन मरायची. बावस्करांनी नाडी, रक्तदाब, घाम, गार पाय, सगळं तासातासाला लिहून ठेवलं. 1982 साली ते लंडनच्या लॅन्सेटमध्ये छापून आलं. मग त्यांनी प्राझोसिन नावाची रक्तदाबाची गोळी वापरून पाहिली. विषामुळं रक्तवाहिन्या ज्या जागी आवळतात, नेमक्या त्याच जागी ही गोळी त्यांना सैल करते. 1986 साली तेही लॅन्सेटमध्ये आलं. गोळीच्या आधी अशा गंभीर रोग्यांत शंभरातले तीसेक मरत. गोळीनंतर हा आकडा चारच्या खाली आला. पुढं मुंबईच्या हाफकिनची प्रतिविषाची लस आणि गोळी, असं दोन्ही देऊन पाहिलं. 2011 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या त्या अभ्यासात सत्तर रोगी होते. दोन्ही दिलेल्या 35 पैकी 32 जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसत्या गोळीवरच्या 35 पैकी 8. डॉक्टरांना 2022 साली पद्मश्री मिळाली. ते आपल्या चळवळीतले आहेत की नाहीत, हा प्रश्न मला पडत नाही. त्यांनी विंचवाचं प्रतीक केलं नाही. विंचवाला विंचू म्हणून बघितलं.

पाण्यासाठी आपण ज्या गावात लढलो, त्याच तालुक्यात आपल्या मायच्या दुखण्याचा इलाज निघाला. आणि आपण वर्षानुवर्षं तिथं जाऊन रिकाम्या हातांनी परत येतोय. मला स्वतःला हे 2009 साली कळलं, तेही एका जुन्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावरून. माय तोवर गेली होती.

हे बैठकीत मांडलं तेव्हा एक मित्र म्हणाला, "दादा, हे आरोग्य खात्याचं काम. आपण व्यवस्था बदलायची का गोळ्या वाटत हिंडायचं?" पोरगा हुशार आहे, वाचतो. पण मी त्याला विचारतो, विंचू चावतो कुणाला? ज्याची भिंत फटीची. जो अनवाणी चालतो. जो जमिनीवर निजतो. वीटभट्टीवर कच्च्या विटांच्या थप्प्यांना हात घालतो. कोपीत पाचटावर अंग टाकतो. बौद्धवाडा, मांगवाडा, कातकरीवाडी, पारध्यांची पालं. ह्या यादीत आणि जातीच्या उतरंडीत तुला काही फरक दिसतो का?

आणि मेल्यावरची व्यवस्था बघ. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकऱ्यांसाठी सरकारी अपघात योजना आहे. त्यात वीज पडून, पुरात, साप चावून मेलं तर मदत आहे, आणि विंचूदंशही आहे. मृत्यूला दोन लाख रुपये. मदत कुणाला? खातेदार शेतकऱ्याला, आणि 2019 पासून त्याच्या घरातल्या आणखी एकाला. सातबारा लागतो. विंचू सातबारा बघून चावत नाही, पण सरकार सातबारा बघून रडतं. त्याच बांधावर, त्याच कडब्याच्या गंजीत, मालकाला चावला तर अपघात आणि रोजंदारीवरच्या बाईला चावला तर नशीब. मग ही व्यवस्था नव्हे तर काय रे? हे तुझ्या कवितेत का नाही?

बाबासाहेबांनी 28 जुलै 1928 ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेच्या बिलाला पाठिंबा दिला. गिरणीतल्या बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विसावा मिळावा, तो देशाच्याच हिताचा आहे, आणि त्याचा भार सरकारनं आणि मालकानं उचलावा, ही त्यांची भूमिका. 1929 साली कायदा झाला. तो झाला कारखान्यातल्या बाईसाठी. शेतावरच्या, भट्टीवरच्या, फडावरच्या पोटुशीला सातव्या-आठव्या महिन्यात सरपणाच्या ढिगात हात घालावा लागू नये, ह्यासाठी अजून कुणी तिला घरी बसवून मजुरी दिलेली नाही. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात सहा हजार रुपयांचं कलम आलं. 2017 ची मातृवंदना योजना आली ती पाच हजारांची आणि पहिल्याच पोरापुरती. माय तेव्हा चौथ्यांदा पोटुशी होती.

2018 च्या मे महिन्यात माझ्या धाकट्या भावजयीला भट्टीवर विंचू चावला. आठवा महिना. भावाचा फोन आला तेव्हा मी एकच विचारलं, "हातपाय गार पडलेत का?" पडले होते. जवळच्या आरोग्य केंद्रात रात्री सिस्टर एकट्या. त्या म्हणाल्या, "पोटुशी आहे, आमच्यानं व्हायचं नाही, पुढं न्या." गोळी आहे का विचारलं, तर कपाटाची किल्ली ज्याच्याकडं तो मुक्कामाला नाही. त्या बाईंचा मला राग नाही, रात्री एकटीवर सगळं टाकून सगळे पसार होतात. पण पोटुशी आहे म्हणून ताबडतोब बघायचं, का पोटुशी आहे म्हणून पुढं ढकलायचं? वीस किलोमीटरवर दुसऱ्या दवाखान्यात एक कोवळा डॉक्टर होता. त्यानं डाव्या कुशीवर निजवलं, गोळी दिली, उठून बसू नका म्हणून दम दिला, कारण गोळीनं रक्तदाब एकदम उतरू शकतो. दर थोड्या वेळानं पोराचे ठोके ऐकले. तीन तासांनी पुन्हा गोळी. पोटुशी बाईला कुठलं औषध किती द्यायचं ते डॉक्टरनंच ठरवायचं, आपण नाही. आपण फक्त तिला त्याच्यापर्यंत न्यायचं, आणि तो तिथं असेल आणि गोळी त्याच्या कपाटात असेल हे बघायचं. पहाटे भावजयीचे पाय ऊन झाले. मी तळव्यांना हात लावून बघितलं आणि बाहेर येऊन भिंतीकडं तोंड करून रडलो. पोरगी दिवस भरून झाली. शाळेत जाते. फार बोलते.

तेव्हा कवीमित्रा, राग मानू नकोस. तुझी कविता चांगली आहे, तीतला विंचू वाईट आहे.

मी आपल्या तालुक्यातल्या सगळ्या आरोग्य केंद्रांसाठी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलाय. तीन प्रश्न आहेत. प्राझोसिनच्या गोळ्या आज शिल्लक किती? विंचवाच्या प्रतिविषाच्या कुप्या किती? गेल्या पाच वर्षांत विंचू चावलेल्या बायांपैकी गरोदर किती, आणि त्यांच्या पोरांचं काय झालं? तिसऱ्याचं उत्तर बहुतेक "नोंद उपलब्ध नाही" असं येईल. ते तसंच्या तसं, शिक्क्यासकट छापायचं. शेजारच्या तालुक्यांतल्या पोरांनी आपापल्या नावानं हाच अर्ज टाकावा, नमुना माझ्याकडं आहे, कागदाचे दहा रुपये लागतात. तीस दिवसांची मुदत असते. पुढच्या अंकाची पानं त्यासाठी राखून ठेवा, संपादकांना मी तसं सांगितलंय. कवितांना जागा कमी पडली तर पडू द्या.